विहिरीतले पोहणे आणि परदेशातला समुद्र : स्कूबा सेंटरकडून काय अपेक्षा ठेवावी

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा परभणीहून थायलंड, बाली, मालदीव अथवा श्रीलंकेला निघालेल्या कुटुंबांच्या सहलपत्रिकेत अलीकडे ‘एक दिवस स्कूबा डायव्हिंग’ अशी ओळ हमखास सापडते. हे डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणे, कोणत्या सेंटरकडे, किती खोलीपर्यंत आणि एका प्रशिक्षकामागे किती माणसे घेऊन होणार आहे, असे सहल कंपनीला विचारले, तर बहुधा ‘तिथे गेल्यावर सगळे समजावून सांगतात’ एवढेच उत्तर मिळते. समजावून सांगतात हे खरे. पण तोपर्यंत पैसे भरलेले असतात, बोट सुटायला दहा मिनिटे उरलेली असतात आणि हातात दिलेल्या इंग्रजी कागदावर सही करण्याखेरीज काही करता येत नाही. मराठवाड्याला समुद्र नाही. पाण्याची आपली ओळख विहिरीची, फार तर पैठणच्या नाथसागराची. त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला ऐकून-पाहून ठाऊक असलेल्या कितीतरी गोष्टी आपल्याला मुद्दाम शिकून घ्याव्या लागतात. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या सेंटरांकडे डाइव्ह केल्यावर सेंटर पारखण्याची माझी एक साधी कसोटी तयार झाली आहे : चांगले सेंटर पैसे घेण्याआधी तुम्हालाच प्रश्न विचारते, आणि जे काहीच विचारत नाही त्याच्याकडे जाऊ नये.

आधी ठरवा : अनुभव घ्यायचा की शिकायचे

परदेशातले सेंटर पहिला प्रश्न विचारते तो ‘तुम्ही सर्टिफाइड आहात का’ हा. मालवण-तारकर्लीला किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मार्गदर्शकाने धरून नेलेली पंधरा-वीस मिनिटे अनेकांच्या गाठीशी असतात आणि त्या भरवशावर ते ‘हो, आधी केले आहे’ असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर महागात पडू शकते, कारण सर्टिफाइड या शब्दाचा तिथला अर्थ पाडी, एसएसआय किंवा तत्सम संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण करून कार्ड मिळवलेला माणूस असा आहे. अशा माणसाला स्वतःची हवा, खोली आणि वेळ स्वतः सांभाळता येते असे गृहीत धरून त्याला पाण्यात सोडले जाते. कार्ड नसेल तर ‘पहिलीच वेळ आहे’ असे स्पष्ट सांगावे.

कार्ड नसलेल्यांसाठी दोन वाटा असतात. पहिली म्हणजे एका दिवसाचा ओळखीचा अनुभव. पाडीमध्ये त्याला डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग म्हणतात. त्यात खोलीची मर्यादा 12 मीटर आणि किमान वय 10 वर्षे असून खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त माणसे नसावीत असा नियम आहे. 8 ते 9 वर्षांच्या मुलांना फक्त 2 मीटर खोलीपर्यंतचा बबलमेकर हा खेळवजा प्रकार करता येतो. ‘मुलगा उंच आहे, चालेल’ असे म्हणणारे सेंटर तिथेच बाद समजावे. दुसरी वाट म्हणजे ओपन वॉटर हा तीन-चार दिवसांचा पूर्ण अभ्यासक्रम. त्यातून 18 मीटरपर्यंत जाण्याचे कार्ड मिळते. पुढच्या ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रमाने ती मर्यादा 30 मीटर होते, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची सीमा 40 मीटर मानली जाते. ओपन वॉटरसाठी 200 मीटर अंतर कोणत्याही पद्धतीने, न थांबता पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगावे लागते. विहिरीत पोहायला शिकलेल्याला यात अवघड काही नाही. मात्र 200 मीटर म्हणजे आपल्याकडच्या विहिरीचे किती फेरे होतील याचा अंदाज घेऊन निघण्यापूर्वी महिनाभर शहरातल्या तलावात सराव करावा.

ओपन वॉटरची तात्त्विक बाजू आता ऑनलाइन पूर्ण करता येते, आणि ती घरूनच उरकून जावी. परदेशातल्या सुट्टीचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत व्हिडिओ पाहण्यात घालवणे म्हणजे विमानाचे भाडे वाया घालवणे होय. पुण्या-मुंबईत तरणतलावातला भागही पूर्ण करून, त्याचे रेफरल पत्र घेऊन, समुद्रातल्या चार डाइव्ह तेवढ्या परदेशात करण्याची सोय आहे. पण परदेशातले सेंटर असे रेफरल स्वीकारते की नाही हे आधी लेखी विचारून घ्यावे.

वैद्यकीय फॉर्म घरीच भरा

मी सर्वांत जास्त सहली बिघडताना पाहिल्या त्या या एका कागदापायी. जगभरातली नावाजलेली सेंटरे डायव्हरसाठी ठरलेली वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, फिट्स, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, मधुमेह, शिवाय वय 45 च्या पुढे असेल तर धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल असे प्रश्न त्यात असतात. काही प्रश्नांना जोडप्रश्न असतात. त्या छाननीनंतर एक जरी ‘हो’ उरले तरी डॉक्टरची सही लागते, आणि ती नसेल तर प्रामाणिक सेंटर तुम्हाला पाण्यात उतरवत नाही. पैसे परत मिळतीलच असेही नाही. मग ऐनवेळी तिथला दवाखाना शोधायचा, तपासणीचे पैसे मोजायचे आणि अर्धा दिवस गमवायचा, किंवा सगळीकडे ‘नाही’ लिहून टाकायचे. दुसरा मार्ग किती जण पत्करतात हे सांगायला नको. रक्तदाबाची गोळी रोज घेणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ‘फॉर्मपुरते नाही’ लिहून मोकळे झाले. त्यांना काही झाले नाही, पण झाले असते तर फॉर्मवर लिहिलेल्या ‘नाही’मुळे विम्याचा दावा फेटाळला गेला असता.

म्हणून हा फॉर्म महिनाभर आधी उतरवून घ्यावा आणि आपल्या डॉक्टरांकडे न्यावा. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांना डायव्हिंगची माहिती असेलच असे नाही. त्यासाठी या प्रश्नावलीसोबत डॉक्टरांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका मिळते, तिचीही प्रत छापून सोबत न्यावी. चष्मा असणाऱ्यांनी नंबरची काच बसवलेला मास्क सेंटरकडे आहे का हे विचारून ठेवावे. बऱ्याच ठिकाणी असतो, पण मोजकेच नंबर असतात.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाठवायचा निरोप

सेंटरला व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलवर साध्या इंग्रजीत पाच-सहा प्रश्न पाठवावेत. प्रशिक्षकाचे नाव व क्रमांक काय; पाडीचा प्रशिक्षक असेल तर तो क्रमांक पाडीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एका प्रशिक्षकामागे किती जण असतील. बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आणि तो देता येणारा माणूस असतो का. सर्वांत जवळचा रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डाइव्हनंतर शरीरात वायूचे बुडबुडे झाल्यास माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली, कुठे आहे. हवामान बिघडले तर पैसे परत की दुसरी तारीख. दरात काय धरलेले आहे आणि काय नाही. मला उत्तराच्या मजकुरापेक्षा उत्तराची तऱ्हा जास्त सांगून जाते. ‘चेंबर अमुक गावात, बोटीने आणि गाडीने मिळून इतका वेळ’ असे नेमके सांगणारा माणूस आणि ‘काळजी करू नका सर, आमच्याकडे कधी काही झाले नाही’ म्हणणारा माणूस यांत निवड करायला फार विचार लागत नाही.

ठिकाण आणि महिना यांचा मेळही आधीच घालावा. थायलंडमधील सिमिलन बेटे साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. श्रीलंकेत नोव्हेंबर ते एप्रिल हा पश्चिम-दक्षिण किनाऱ्याचा हंगाम, तर मे ते सप्टेंबर हा पूर्वेकडच्या त्रिंकोमालीच्या बाजूचा. म्हणजे आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत नैऋत्य किनाऱ्यावरच्या हिक्कडुवाचे सेंटर स्वस्त दर देत असेल, तर तो दर खवळलेल्या समुद्राचा आहे. बालीतही सगळी ठिकाणे सारखी नाहीत. तुलांबेनला 1942 साली टॉर्पेडोचा मारा झालेले लिबर्टी हे अमेरिकन मालवाहू जहाज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर बुडालेले आहे. बोट न घेता गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचे असते आणि तिथल्या बायका सिलिंडर डोक्यावर वाहून आणतात. नवख्याला ही जागा सोयीची. नुसा पेनिडा बेटाभोवती मात्र प्रवाह जोरदार आणि पाणी थंड असते. पहिल्याच डाइव्हला तिथे नेण्याची तयारी दाखवणारे सेंटर तुमच्या हिताचा विचार करत नाही. मालदीवमध्ये हौशी डायव्हरसाठी 30 मीटरची मर्यादा खुद्द सरकारी नियमात आहे, त्यामुळे ‘थोडे आणखी खाली जाऊ’ हा आग्रह तिथे बेकायदा ठरतो.

पैशांबद्दल थोडक्यात : सागरी उद्यानाचे शुल्क, साहित्याचे भाडे, हॉटेलवरून ने-आण, बोटीवरचे जेवण, फोटो आणि कार्डाने पैसे भरल्यास लागणारा अधिभार या सहा गोष्टी दरात आहेत का, एवढे विचारले की फसगत सहसा होत नाही. शाकाहारी असाल तर तसे आदल्या दिवशी सांगावे. बोटीवर ऐनवेळी भात आणि कलिंगड याखेरीज काही मिळत नाही.

साहित्य हाताळताना

सेंटरवर पोचल्यावर कागदपत्रे होतात, मापाचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), फिन्स (पायांत घालायचे पंखे), मास्क आणि हवेचे जॅकेट दिले जाते. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात त्यात ऑक्सिजन नसून दाबून भरलेली साधी हवा असते. सिलिंडरच्या खांद्यावर दाब-चाचणीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते. घरगुती गॅसची टाकी घेताना आपण ए, बी, सी, डी आणि वर्ष पाहतो, तसाच हा प्रकार. बऱ्याच देशांत ही चाचणी दर पाच वर्षांनी आणि आतली पाहणी दरवर्षी होते.

मग रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देणारा भाग, तोंडात धरून तीन-चार वेळा खोल श्वास घ्यावा. हवेला तेलाचा, धुराचा किंवा कुबट वास येत असेल तर तो सिलिंडर वापरू नये. डिझेलचे इंजिन विहिरीत चालवल्यावर लगेच खाली उतरायचे नसते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कॉम्प्रेसरचे हवा घेण्याचे तोंड जनरेटरच्या धुराड्याशेजारी असेल तर तोच विषारी वायू सिलिंडरमध्ये भरला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. म्हणून जमल्यास कॉम्प्रेसर कुठे बसवला आहे हे सेंटरच्या मागच्या अंगाला जाऊन पाहून यावे. कोणी हरकत घेत नाही; चांगले सेंटर उलट कौतुकाने दाखवते.

श्वास घेताना नजर दाबमापकाच्या काट्यावर ठेवावी. एका बेटावर, आठवड्याला शेकडो पर्यटक हाताळणाऱ्या एका सेंटरच्या बोटीवर, माझा काटा प्रत्येक श्वासासरशी 200 बारवरून (बार हे दाबाचे एकक) 120 पर्यंत खाली येऊन पुन्हा वर जात होता. साहित्य जोडणाऱ्या पोराने घाईत झडप पूर्ण उघडलीच नव्हती. बोटीवर उभे असताना श्वास नीट मिळतो, त्यामुळे नवख्याला काहीच जाणवत नाही. पण खोल गेल्यावर प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते आणि तीच अर्धवट झडप दम कोंडते. मी मार्गदर्शकाला काटा दाखवला, त्याने न बोलता झडप फिरवली आणि पुढच्या माणसाकडे वळला. त्या पुढच्या माणसाची झडप त्याने तपासली नाही, म्हणून मी त्यालाही काटा पाहायला सांगितले. काटा स्थिर असावा आणि सुरुवातीला 200 बारच्या आसपास असावा, एवढे पाहायला डायव्हिंगचे कार्ड लागत नाही.

बोट आणि मोजदाद

आपल्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला बोट लागते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांना विचारून झोप न आणणारी गोळी आदल्या रात्रीपासून सुरू करावी, सकाळी तेलकट न खाता हलके काहीतरी खावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. सर्दी झाली असेल तर डाइव्ह रद्द करावी. नाक मोकळे करणाऱ्या औषधाचा असर पाण्याखाली संपला तर कानाचे हाल होतात.

बोट सुटण्यापूर्वी किंवा जागेवर पोचल्यावर माहिती-सत्र व्हायलाच हवे. किती खोल, किती वेळ, प्रवाह कोणत्या बाजूचा, हवा किती उरली की सांगायचे, एकमेकांची चुकामूक झाली तर काय करायचे आणि बोटीत परत कसे चढायचे, हे सगळे त्यात येते. चुकामुकीचा सर्वसाधारण नियम असा की एक मिनिट आजूबाजूला शोधायचे आणि मग सावकाश वर यायचे. पाण्यात उतरताना आणि परत आल्यावर नाव घेऊन हजेरी घेतली जाते का, इकडे लक्ष ठेवावे. जानेवारी 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक बोट दोन डायव्हरना समुद्रातच सोडून परतली आणि ते दोन दिवसांनी लक्षात आले. ते दोघे सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलंड राज्यात मोजदादीचे नियम कडक झाले. हजेरी घेणारा माणूस कंटाळवाणा वाटला तरी त्याला साथ द्यावी आणि दुसऱ्याच्या नावाला कधीही ‘हो’ म्हणू नये. रात्री बोटीवरच मुक्काम असलेली सहल घेत असाल, तर झोपण्याच्या जागेतून बाहेर पडायचे दोन वेगळे मार्ग आणि रात्रभर जागणारा पहारेकरी आहे का हे आवर्जून विचारावे. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागून 34 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पहाऱ्यावर कोणी नव्हते.

पाण्याखाली : विहिरीची सवय विसरा

आमच्या लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलत आणि पोहता येऊ लागले की तळाचा गाळ मुठीत आणून दाखवल्याशिवाय कोणी मानत नसे. त्या बुडीचे सगळे कौशल्य दम धरण्यात. स्कूबामध्ये हीच सवय जीवघेणी आहे, आणि प्रशिक्षक ‘श्वास रोखू नका’ हे वाक्य दहा वेळा का सांगतो ते समजून घ्यावे. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली ती दबते आणि वर येताना मूळ आकाराची होते, त्याहून मोठी नाही. स्कूबामध्ये मात्र हवा खालीच, तिथल्या दाबाने घेतलेली असते. समुद्रात दर 10 मीटरला वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर छाती भरून दम धरला आणि तसेच वर आले, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला दीड-दोन मीटरची चढणही पुरते. सतत, संथ श्वास घेत राहावे, वर येताना तर विशेषच.

दुसरी सवय अंगठ्याची. ‘सगळे ठीक आहे’ असे दाखवायला आपण अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो. पहिल्यांदा आलेले अनेक जण फोटोसाठी अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना खरोखरच वर घेऊन जातो. ठीक असल्याची खूण तर्जनी आणि अंगठ्याचे गोल कडे करून दाखवायची असते. काही बिघडले असेल तर आडवा पंजा हलवायचा आणि ज्या ठिकाणी त्रास आहे तिथे, उदाहरणार्थ कानाकडे, बोट दाखवायचे. कान दुखू लागण्यापूर्वीच, दर मीटरभराला, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे. न जमल्यास थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. प्रशिक्षक यासाठी थांबतो. थांबत नसेल तर तुम्ही थांबावे.

पहिल्या अनुभवाच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक हाताच्या अंतरावर असला पाहिजे. मास्कमधले पाणी काढणे आणि तोंडातून निसटलेला रेग्युलेटर परत घेणे, हे दोन सराव उथळ पाण्यात झाल्याशिवाय खोल नेणे अयोग्य आहे. कार्ड असलेल्यांनाही वर्षभरात डाइव्ह केली नसेल तर चांगले सेंटर आधी उजळणी सुचवते. त्यात अपमान मानू नये. डाइव्हच्या शेवटी 5 मीटरवर तीन मिनिटे थांबवले जाते आणि पाण्यातून बाहेर येताना सिलिंडरमध्ये साधारण 50 बार हवा शिल्लक असावी लागते. ‘अजून हवा आहे, आणखी दहा मिनिटे राहू’ असा हट्ट धरणारे आपलेच लोक मी पाहिले आहेत. ती 50 बार फुकट गेलेली नसते.

महिलांसाठी एक-दोन गोष्टी : वेटसूटखाली पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज चालतात, स्त्री प्रशिक्षक हवी असल्यास आधी सांगितल्यास बऱ्याच सेंटरांत मिळते, आणि गरोदरपणी डाइव्ह अजिबात करू नये.

आणि डाइव्हच्या कोणत्याही टप्प्यावर, बोटीच्या कडेला पाय लटकवून बसलेले असतानासुद्धा, कारण न देता ‘आज नको’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. घरच्यांनी त्या क्षणी ‘एवढे पैसे भरलेत’ असे म्हणू नये.

बाहेर आल्यावर

विमानाचे तिकीट काढतानाच मोजणी करावी. एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, आणि अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसू नये, असे डॅन या डायव्हर सुरक्षा संस्थेचे मार्गदर्शन आहे. बहुतेक सेंटरे सोपे जावे म्हणून 24 तास सांगतात. विमानातल्या कमी दाबामुळे शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, हे त्याचे कारण असल्याने हाच नियम डोंगरालाही लागतो. बालीत सकाळी डाइव्ह करून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयासाठी मध्यरात्री 1,717 मीटर उंचीच्या बातूरवर चढायला निघणे हे सहलपत्रिकेत छान दिसते, पण तो क्रम उलटा करून घ्यावा. आधी डोंगर, मग समुद्र.

डाइव्हनंतर सांध्यांत दुखणे, मुंग्या येणे, त्वचेवर चट्टे, चक्कर किंवा न समजणारा थकवा जाणवला, तर ‘दगदग झाली असेल’ म्हणून झोपून जाऊ नये. सेंटरला लगेच कळवावे, ऑक्सिजन मागावा आणि पुन्हा पाण्यात उतरू नये. घरी परतल्यावर त्रास सुरू झाला तरी डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच डाइव्ह केल्याचे सांगावे, कारण मराठवाड्यातल्या दवाखान्यात ते आपणहून कोणी विचारणार नाही. चेंबरमधल्या उपचाराचा खर्च लाखांच्या घरात सहज जातो आणि साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. तेव्हा पॉलिसीतले स्कूबाचे कलम आणि त्यातली खोलीची मर्यादा वाचून घ्यावी, अथवा डॅनसारखा डायव्हरसाठीचा विमा स्वतंत्र काढावा.

निघण्यापूर्वी सेंटरकडून लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, ती नसेल तर साध्या वहीत, तारीख, ठिकाण, खोली, वेळ, पाण्यात खाली जाता यावे म्हणून कमरेला बांधलेल्या शिशाचे वजन आणि वेटसूटची जाडी लिहून शिक्का घ्यावा. पुढच्या देशातले सेंटर कार्डानंतर हीच वही मागते, आणि त्यात शिशाचे वजन लिहिलेले असले तर पहिल्या डाइव्हची दहा-पंधरा मिनिटे वाचतात.